अस्सल भाग आणि बाजारी भाग

1908 सालीं इंग्लंडांतील ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मैदानावर एक विलक्षण परीक्षा झाली. कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीच्या एकाच नमुन्याच्या तीन मोटारी तेथें आणून, रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं, पार सुट्या करण्यांत आल्या. प्रत्येक गाडीचे 721 भाग निघाले. तिन्ही गाड्यांचे भाग एकत्र मिसळले. त्यांतील 89 भाग बाजूस काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या कोठारांतील तसेच भाग ठेवले. आणि मग केवळ पाने व स्क्रू-ड्रायव्हर हातीं घेऊन त्या ढिगांतून पुन्हां तीन गाड्या उभ्या केल्या. त्या तिन्ही गाड्या पुढें 500 मैल धांवल्या, आणि क्लबनें त्या वर्षाचें ड्यूअर पारितोषिक कंपनीस दिलें.

या परीक्षेचें महत्त्व ध्यानांत येण्यास तत्पूर्वीची स्थिति आठवली पाहिजे. तोंवर मोटार ही बव्हंशीं हातानें जुळविलेली वस्तु होती. कारागीर भाग ओतून वा कांतून घेई आणि कानशीनें घांसून त्याच एका गाडींत तो बसवी. एका गाडीचा दांडा तिच्या जुळ्या बहिणीसही बसेलच, असा भरंवसा नसे. भाग मोडला म्हणजे मालकापुढें निवडीचा प्रश्नच उभा राहत नसे. ज्यानें गाडी घडविली त्याच्याकडे जावें, नाहीं तर गांवच्या लोहाराकडून तसाच दुसरा घडवून घ्यावा, एवढेंच त्याच्या हातीं असे. ब्रुकलँड्स येथें असें सिद्ध झालें कीं, भागाचा खरेपणा आतां कारागिराच्या हातांत नसून मापांत आहे. परंतु माप ही कोणा एकाची मिरासदारी नव्हे. कंपनीच्या कोठारांतील भागाचें माप पलीकडच्या गल्लींतील कारखानदारासही घेतां येतें. अस्सल आणि बाजारी भागांचा वाद खरोखर येथूनच सुरू झाला.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ गाडी बाजारांत आली. 1927 पर्यंत अशा दीड कोटींवर गाड्या तयार झाल्या. एकाच नमुन्याच्या एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्यावर त्यांचे भाग करणारे बाहेरचे कारखानेही निपजावे, यांत नवल नाहीं. कंपनी आपल्या भागांवर आपलें नांव उठवी. बाहेरचा कारखानदार तोच आकार कमी किंमतींत देई. तथापि ‘कंपनीचा भाग’ या शब्दांतही एक गोम आहे. फोर्ड कंपनीच्या प्रारंभींच्या गाड्यांचीं एंजिनें, गिअर-बॉक्स व आंस हे डेट्रॉइटच्या डॉज बंधूंच्या कारखान्यांत घडत असत, आणि 1914 सालीं तेच बंधू स्वत:ची मोटार काढून फोर्ड यांचे प्रतिस्पर्धी झाले. तेव्हां भाग कोणत्या छपराखालीं घडला, हा मुख्य प्रश्न नव्हे. त्याचा नकाशा कोणी ठरविला, त्याची तपासणी कोणी केली आणि तो मोडल्यास दोष कोण पत्करणार, हा खरा प्रश्न होय. कंपनीच्या भागास जी अधिक किंमत पडते, ती या तीन गोष्टींची असते. निदान असावयास पाहिजे.

माप घेतां येतें हें खरें, पण सर्वच गुण मापांत उतरत नाहींत. मॉडेल टी गाडीच्या महत्त्वाच्या भागांसाठीं फोर्ड यांनीं व्हॅनेडियम मिसळलेलें पोलाद वापरलें होतें. हें पोलाद चिवट असे. साध्या पोलादाचा तसाच भाग शेजारीं ठेवला तर डोळ्यांस कांहींच फरक दिसत नाहीं. तो गाडींत नीट बसतोही. पोलादाला किती उष्णता दिली, तें कसें थंड केलें, यावर त्याचा टणकपणा ठरतो, आणि ही गोष्ट दुकानाच्या फळीवर पडलेल्या भागाकडे पाहून कोणासही सांगतां येत नाहीं. येथें ग्राहकाला विश्वासावरच विसंबावें लागतें, आणि स्वस्त नकलेचा धोकाही येथेंच दडलेला असतो.

पण याच गाडीच्या पोटांत याच्या अगदीं उलट उदाहरणही आहे. तिच्या मागील आंसाच्या पेटींत एक मोठें व एक लहान दांतेरी चाक परस्परांत गुंतून फिरतें. मोठें चाक बाजूस सरकूं नये म्हणून कंपनीनें तेथें बॅबिट नांवाच्या मऊ पांढऱ्या धातूच्या चकत्या घातल्या होत्या. नव्या गाडींत त्या उत्तम काम देत. परंतु कालांतरानें त्या तडकतात व त्यांचा चुरा होतो. मग मोठें चाक सरकतें आणि दांत्यांची गुंतण सुटते. या गाडीचा पायानें दाबावयाचा ब्रेक चाकांवर नसून गिअर-बॉक्समध्यें आहे. त्याची पकड याच दांत्यांतून मागील चाकांपर्यंत पोंचते. दांते सुटले कीं एंजिनाची ओढ जाते आणि त्याबरोबर पायाचा ब्रेकही जातो. उतारावर असें घडलें तर चालकाच्या हातीं मागील चाकांचा लहानसा हातब्रेक तेवढा उरतो. म्हणून आज जे शौकीन या गाड्या चालवितात, ते त्या अस्सल चकत्या काढून टाकून बाहेरच्यांनीं केलेल्या कांशाच्या चकत्या बसवितात. येथें कंपनीच्या नांवाचा आग्रह धरणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

जुन्या कोठारांत न वापरतां पडून राहिलेल्या कंपनीच्या मालाविषयींही असाच विवेक लागतो. पोलादी दांडा पन्नास वर्षें तेलकागदांत सुरक्षित राहील. पण ब्रेकच्या नळकांड्यांतील रबरी वाटी तितकीं वर्षें नुसती पडून राहिली तरी कडक होऊन भेगाळते. पेटीवरचा शिक्का अस्सल असतो, आंतील वस्तु मात्र वृद्ध झालेली असते.

मुंबईला हा प्रश्न काळ्या-पिवळ्या टॅक्सींनीं शिकविला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें 1944 सालीं स्थापन झालेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून इटलीच्या फियाट गाडीचा एक नमुना निघूं लागला. 1974 सालीं त्यास ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. पुढें पद्मिनीचें उत्पादन थांबलें, तरी टॅक्सी थांबल्या नाहींत. ज्या गाडीची जननीच उरली नाहीं, तिच्या मालकाला अस्सलाचा हट्ट धरून कसें भागावें? बाजारांतील भाग आणि मोडींत निघालेल्या गाड्यांतून काढलेले भाग यांवरच अशा गाडीचें आयुष्य अवलंबून राहतें. वयाच्या 20 वर्षांच्या मर्यादेमुळें ऑक्टोबर 2023 मध्यें शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तोंवर तिचा संसार चालला तो मिस्त्रीच्या पारखीवर.

न्यायासनांसही या वादांत पडावें लागलें. मॉरिस मरीना गाडीच्या धुराच्या नळीची नक्कल केल्याबद्दल ब्रिटिश लेलँड कंपनीनें आर्मस्ट्राँग कंपनीवर दावा लावला. नळीच्या नकाशावर आपला स्वामित्वहक्क आहे, असें तिचें म्हणणें होतें. 1986 सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला कीं, गाडी विकत घेणाऱ्यास ती दुरुस्त ठेवण्याचा अधिकार आहे, आणि कंपनीस आपला हक्क पुढें करून तो हिरावतां येणार नाहीं. पुढें या तत्त्वाची व्याप्ति आखडली गेली. भारतांत 2014 सालीं स्पर्धा आयोगानें, सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारांत न दिल्याबद्दल, 14 मोटार कंपन्यांस सुमारें 2544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला; त्यावर अपिलेंही झालीं. दोन्ही प्रकरणांत मूळ प्रश्न एकच होता: गाडी विकल्यावर तिच्यावर कंपनीची सत्ता कोठवर चालावी?

कायदा मालकाला निवडीची मोकळीक देऊं शकतो. निवड मात्र त्यालाच करावी लागते. जुन्या गाडीच्या बाबतींत इतिहासाचा कौल असा दिसतो. ज्या भागाच्या मोडण्यानें गाडी थांबेल, तेथें काटकसर क्षम्य आहे. ज्याच्या मोडण्यानें गाडी थांबणारच नाहीं, तेथें धातु, माप आणि करणाऱ्याची ख्याति या तिन्हींची चौकशी केल्यावांचून शिक्क्यावरही विसंबूं नये आणि स्वस्ताईवरही भुलूं नये. ब्रुकलँड्सच्या त्या ढिगांतून तीन गाड्या पुन्हां उभ्या राहिल्या, त्याचें कारण त्यांवर कॅडिलॅकचें नांव होतें हें नव्हे. तर प्रत्येक भाग कोणीतरी निगुतीनें मापला होता, हें होय.