व्यवस्थापनशास्त्र प्रवेश परीक्षेची पूर्वतयारी : छावणी-नागसेनवन परिसराच्या शैक्षणिक इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी घेतल्या जाणाऱ्या प्रवेश परीक्षेची तयारी हा विषय सामान्यतः खाजगी शिकवणी वर्गांचा मानला जातो. पदवीनंतरचे सहा-आठ महिने, सराव प्रश्नसंच आणि वेगाचे तंत्र एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित राहते. वस्तुतः प्रवेश परीक्षा ज्या भाषेची आणि विचारपद्धतीची अपेक्षा करते, ती विद्यार्थ्याला कोठे व केव्हा मिळाली, हा मूलभूत प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील छावणी व तिच्या शेजारच्या नागसेनवन परिसराच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
निजामाच्या राजवटीत हैदराबाद कंटिंजंटचे लष्करी ठाणे म्हणून छावणीची ओळख होती. जून १८५७ मध्ये येथील घोडदळात असंतोष उफाळून आला होता. उच्च शिक्षणाच्या बाबतीत मात्र हा प्रदेश दीर्घकाळ उपेक्षित राहिला. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम स्वीकारले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो महत्त्वाचा प्रयोग होता. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याला परीक्षेपूर्वी एक वेगळी भाषा आत्मसात करावी लागे. म्हणजेच परीक्षेची तयारी ही प्रथम भाषेची तयारी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि ही व्यवस्था बदलू लागली.

या संक्रमणकाळात, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून प्रसिद्धीस आला. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि त्यांची उत्तरे देणारा भिक्खू नागसेन यांची ही नावे आहेत. प्रश्नोत्तर हे ज्ञानाचे साधन आहे, ही भूमिका या नामकरणातून व्यक्त होते.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. डॉ. आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या संस्थेने १९५३ साली मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय काढले. व्यापार व अर्थव्यवहाराचे शिक्षण वंचित समाजापर्यंत पोहोचले पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या शैक्षणिक कार्यात होती असे म्हणता येते.

प्रवेश परीक्षांचा उदय :
मिलिंद महाविद्यालय मूळ धरीत असतानाच अमेरिकेत व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशासाठी सामाईक चाचणीची कल्पना आकारास आली. काही विद्यापीठांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये अशी पहिली चाचणी घेण्यात आली. तीच पुढे 'जीमॅट' या नावाने ओळखली गेली. भारतात १९६१ साली कोलकाता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू झाली. जागा थोड्या व इच्छुक अधिक, या परिस्थितीतून निवड चाचणीचे महत्त्व वाढत गेले.

या परीक्षांच्या विश्वासार्हतेचा प्रश्नही वेळोवेळी उपस्थित झाला. नोव्हेंबर २००३ मधील 'कॅट' प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द झाली व फेब्रुवारी २००४ मध्ये पुन्हा घेण्यात आली. २००५ साली पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश प्रक्रिया न्याय्य, पारदर्शक व शोषणमुक्त असावी असा निकष मांडला. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील इतर मागासवर्गीयांचे २७ टक्के आरक्षण १० एप्रिल २००८ च्या निकालाने वैध ठरले. प्रवेशाचा हक्क कायद्याने विस्तारला, तरी परीक्षेच्या तयारीची साधने त्या प्रमाणात विस्तारली नाहीत.

परीक्षेचे स्वरूप आणि तयारी :
महाराष्ट्राच्या राज्यस्तरीय एमबीए सामाईक प्रवेश परीक्षेच्या अलीकडील रचनेत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवावे लागतात. एका प्रश्नास सरासरी ४५ सेकंद मिळतात. त्यांपैकी ७५ प्रश्न तार्किक विचारक्षमतेचे, २५ आकृतिबंधांचे, ५० संख्यात्मक क्षमतेचे व ५० इंग्रजी भाषेचे असतात. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. 'कॅट'मध्ये मात्र चुकलेल्या बहुपर्यायी प्रश्नाचा एक गुण वजा होतो. त्यामुळे एकीत कोणताही प्रश्न सोडू नये आणि दुसरीत कोणते प्रश्न सोडावेत हे ओळखावे, अशी परस्परभिन्न तयारी करावी लागते.

पदवी परीक्षेत दीर्घोत्तरे लिहिण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याला हा बदल जड जातो. टक्केवारी, गुणोत्तर, नफा-तोटा हा भाग शालेय आहे. परंतु कला शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांचा गणिताशी असलेला संबंध दहावीनंतर तुटलेला असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण याहून सूक्ष्म आहे. त्याला गणित येते, पण प्रश्नाचे इंग्रजी वाचून त्याचा अर्थ लावण्यातच ४५ पैकी बरीच सेकंदे खर्च होतात. निकाल शततमकाच्या स्वरूपात लागत असल्याने त्याची तुलना ज्याला हा वेळ लागत नाही अशा विद्यार्थ्याशीच होते. उर्दू माध्यमाच्या काळात त्याच्या आजोबांपुढे असलेला भाषेचा उंबरठा नातवापुढे इंग्रजीच्या रूपाने उभा आहे.

स्थानिक संदर्भ :
छावणीतून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचतो. १९८५ मध्ये तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि पूरक उद्योगांचे जाळे विस्तारले. कामगार, तंत्रज्ञ व पर्यवेक्षक परिसरातून मिळाले. व्यवस्थापकाच्या पदापर्यंत या परिसरातील किती पदवीधर पोहोचतात, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. कारण त्या पदाची वाट पुष्कळदा प्रवेश परीक्षेतून जाते.

निष्कर्ष :
१) या परिसराच्या इतिहासात परीक्षेची तयारी ही प्रत्येक टप्प्यावर भाषेच्या तयारीशी निगडित राहिली आहे.
२) नागसेनवनाचा अनुभव असे दर्शवितो की, वंचित विद्यार्थ्याची तयारी संस्थेने स्वतःची जबाबदारी मानली तरच ती सर्वांपर्यंत पोहोचते. शुल्क भरू शकणाऱ्यांपुरती ती राहिल्यास प्रवेशाचा हक्क कागदावर राहतो.
३) ही तयारी पदवीच्या प्रथम वर्षापासून महाविद्यालयातच व्हावी. इंग्रजी विभागाने शीघ्रवाचन, गणित विभागाने शालेय अंकगणिताची उजळणी व वाणिज्य विभागाने आकडेवारीचे अर्थनिर्णयन यांसाठी आठवड्यातून एक तास दिला, तरी तीन वर्षांत पुरेसा सराव होऊ शकतो. त्यासाठी नव्या इमारतीची वा मोठ्या निधीची गरज नाही. अध्यापकांच्या परस्पर सहकार्याची आहे.