एकध्रुवांचे कोडे आणि विश्वाची स्फीती

विश्वाच्या आरंभीच्या स्फीतीची कल्पना खगोलवेधांतून निघाली, असा समज आढळतो. वस्तुतः तिचा उगम मूलकणविज्ञानातील एका अडचणीत आहे.

१९७४ साली जॉर्जाय व ग्लॅशो यांनी प्रबल, दुर्बल व विद्युत्चुंबकीय बलांना एकाच सममितीत गोवणारा सिद्धांत मांडला. त्याच वर्षी ट हूफ्ट व पॉल्याकोव यांनी स्वतंत्रपणे केलेल्या विवेचनावरून, अशा एकीकरणात चुंबकीय एकध्रुव अपरिहार्य ठरतात, हे स्पष्ट झाले. असा एकध्रुव प्रोटॉनच्या सुमारे एक कोटी अब्ज पट जड असावयास हवा. प्रेस्किल यांनी १९७९ मध्ये दाखविले की, तप्त आदिविश्वात ते इतक्या विपुलतेने निपजतील की विश्वाची घनता वेधांशी मुळीच जुळणार नाही. प्रत्यक्षात तर एकही एकध्रुव निश्चितपणे सापडलेला नाही.

याच प्रश्नावर टाय यांच्यासह विचार करीत असता गुथ यांना डिसेंबर १९७९ मध्ये मार्ग दिसला. अदिश क्षेत्र मिथ्या निर्वातात अडकून राहिल्यास त्याची ऊर्जाघनता कायम राहते, दाब ऋण होतो आणि अवकाश घातीय गतीने प्रसरण पावते. त्यायोगे एकध्रुव विरळ होतात. शिवाय विश्वाचा सपाटपणा व दूरस्थ भागांचे समान तापमान यांचाही उलगडा होतो. १९८१ च्या आपल्या निबंधातच गुथ यांनी या योजनेचा दोषही नोंदविला: स्फीतीचा शेवट सुरळीत होत नाही. लिंडे, तसेच आल्ब्रेख्ट व स्टाइनहार्ट यांनी १९८२ मध्ये तो दूर केला. गुरुत्वाकर्षणाच्या पुंजीय सुधारणांतून निघालेली स्टारोबिन्स्की यांची वाट निराळी होती.

खरे वळण १९८२ च्या केंब्रिज परिषदेत आले. स्फीतीतील पुंजीय चढउतारांतून दीर्घिकांची बीजे निर्माण होतात, हे तेथे मान्य झाले. पण जॉर्जाय-ग्लॅशो सिद्धांतातील क्षेत्र घेतल्यास ते चढउतार फारच मोठे येत होते. म्हणून स्फीतीचे क्षेत्र एकीकरणापासून वेगळे कल्पावे लागले. पुढे कोलारच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी सहकार्याने केलेल्या प्रयोगातील प्रोटॉन-क्षयाच्या संभाव्य नोंदींना इतरत्र दुजोरा मिळाला नाही. अमेरिका व जपान येथील मोठ्या प्रयोगांनी तर तो सिद्धांत त्याच्या साध्या रूपात अमान्य ठरविला.

जनक गेला, अपत्य मात्र टिकले. १९९२ मध्ये कोबी उपग्रहाने लक्षांशाएवढे चढउतार नोंदले, आणि २०१३ मध्ये प्लांकच्या वेधांतून त्यांचा वर्णपटनिर्देशांक सुमारे ०.९६, म्हणजे एकाहून किंचित कमी, आढळला. तथापि ते क्षेत्र कोणते, हा प्रश्न अनुत्तरित आहे. २०१२ मध्ये सापडलेला हिग्ज-कण ते काम करू शकेल, पण त्यासाठी गुरुत्वाकर्षणाशी त्याचा विशेष संबंध गृहीत धरावा लागतो. एकीकरणाच्या शोधातून जन्मलेली स्फीती आज उलट प्रमाणित प्रतिमानापलीकडील सिद्धांतांचीच कसोटी बनली आहे, हेच या इतिहासाचे मर्म होय.