हंटर घोड्यांची पारख

शो हंटर स्पर्धांचे मूळ ब्रिटन आणि आयर्लंडमधील कोल्ह्याच्या शिकारीत आहे. शिकारी कुत्र्यांच्या मागे दिवसभर कुंपणे, चर ओलांडत धावणारा दमदार पण शांत घोडा मोलाचा ठरे. डब्लिनच्या १८६८ च्या प्रदर्शनात हंटरचा कस पाहण्यासाठी उंच आणि लांब उडीच्या चढाओढी ठेवल्या गेल्या. इंग्लंडमध्ये १८८५ साली ‘हंटर्स इम्प्रूव्हमेंट सोसायटी’ स्थापन झाली.

घोडा किती वजन पेलू शकेल, यावरून गट ठरतात. साडेबारा स्टोनपर्यंत, म्हणजे सुमारे ७९ किलोपर्यंत हलका, १४ स्टोनपर्यंत, म्हणजे सुमारे ८९ किलोपर्यंत मध्यम, त्यापुढे भारी.

आधी सारे घोडे रिंगणात साधी चाल, दुडकी, कँटर आणि भरधाव दौड दाखवतात. मग परीक्षक स्वतः प्रत्येक घोड्यावर मांड टाकतो. लगामाच्या हलक्या इशाऱ्यावर घोडा थांबतो का, पाठीवर आराम वाटतो का, हे त्याला तिथेच कळते. त्यानंतर खोगीर उतरवून बांधा पाहतात. गुडघ्याखालच्या हाडाचा घेर, पायावरून हात फिरवताना लागणारी सूज किंवा गाठ, खुरांची ठेवण, सारे तपासले जाते. शेवटी घोडा हाती धरून पळवतात. पाऊल सरळ पडते की आत-बाहेर वळते, ते तेव्हा दिसते.

‘वर्किंग हंटर’ गटात यात अडथळ्यांवरील उड्यांची भर पडते. अमेरिकेत वाट वेगळी झाली: तिथे परीक्षक घोड्यावर बसत नाही, उडीची शैली आणि चालीतील सातत्य पाहतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून कुत्र्यांनिशी शिकारीवर बंदी आहे, तरी पारखण्याचे निकष शिकारीच्या मैदानाचेच राहिले आहेत.