खतावणींतील तफावत

मालाड स्टेशनच्या पश्चिमेस माइंडस्पेस या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इमारती एकविसाव्या शतकाच्या आरंभीं उभ्या राहिल्या, आणि तेथील कचेऱ्यांत रात्रपाळीस बसून उपनगरांतील तरुण मुलेंमुली परदेशस्थ ग्राहकांच्या तक्रारी दूरध्वनीवर ऐकूं लागलीं. त्याच मालाडांत राहणाऱ्या एखाद्या गृहस्थानें घरासाठीं कर्ज मागावें, बँकेनें त्यास ‘आपला सिबिल स्कोअर कमी आहे’ असें सांगून परत पाठवावें, आणि त्याच्या क्रेडिट कार्डाच्या कंपनीनें दाखविलेला आंकडा मात्र उत्तम असावा, हा प्रसंग आतां नवलाचा राहिलेला नाहीं. माणूस एक, पण त्याची पत दोन वह्यांत दोन तऱ्हांनीं लिहिलेली! यांतील खरें कोणतें, आणि खोटें असेल तें पुसावयाचें कोणीं? हा प्रश्न कार्डाहून फार जुना आहे. महाराष्ट्रानें तो एकदां आगीच्या उजेडांत पाहिला आहे.

ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें येथें बाजारासाठीं जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पाहतां पाहतां हें लोण पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोहोंचलें. या दंग्यांची तऱ्हा कांहीं निराळीच होती. जमावाची मागणी मुख्यतः कागदांची असे. रोखे, हुकूमनामे, जमाखर्चाच्या वह्या बाहेर काढावयास लावून त्यांची होळी करावयाची. आणि सावकारानें कागद मुकाट्यानें हवालीं केले, तर त्याच्या अंगास सहसा कोणी हात लावीत नसे. शेतकऱ्याचा राग कोठें होता, हें यावरून उघड दिसतें.

या रागाला कारण होतें. १८५९ च्या कायद्यानें कर्जाच्या दाव्याची मुदत आंखडून तीन वर्षांवर आणली. ऋणकोचें हित व्हावें हा कायदा करणारांचा हेतु. पण फळ उलटें आलें. मुदत संपत आली कीं सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेलें व्याज मुद्दलांत घाली, आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हां व्याज चालूं होई. कुळानें मध्यंतरीं घातलेलें धान्य जमेस धरलें कीं नाहीं, हें वही ठेवणारालाच ठाऊक. कूळ बहुधा निरक्षर. त्याच्या हातीं पावतीचा चिटोराहि नसे. कोर्टांत तें हजर झालें नाहीं तर एकतर्फी हुकूमनामा होई, आणि हजर झालें तरी रोखा त्याच्याच विरुद्ध साक्ष देई.

दंग्यांच्या चौकशीसाठीं कमिशन बसलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यांतील दोन गोष्टी आजहि मननीय आहेत. पहिली ही कीं, केवळ रोख्यावर विसंबून न राहतां व्यवहार पहिल्यापासून कसा घडला, हें न्यायाधीशानें स्वतः उलगडून पाहावें. मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावे. दुसरी गोष्ट दिसावयास लहान, पण मोलाची. सावकारानें प्रत्येक फेडीची लेखी पावती द्यावी, वर्षाकांठीं हिशेबाचा उतारा द्यावा, आणि ऋणकोनें मागितल्यास त्याच्याजवळच्या पासबुकांत खातें उतरवून द्यावें. न दिल्यास दंड. म्हणजे जी वही आजवर एकाच्याच पेटींत होती, तिची नक्कल दुसऱ्याच्या घरांत गेली. न्यायमूर्ति रानडे यांनीं हायकोर्टांत जाण्यापूर्वीं याच कायद्याखालीं स्पेशल जज्ज म्हणून काम केलें. या कायद्यानें सावकारी संपली, असें मुळींच नाहीं. गहाणाऐवजीं खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ति लवकरच निघाली. पण लिहिलेलें तें खरें, हा न्याय तेथें प्रथम डळमळला.

धनको व ऋणको या दोघांच्या वह्यांहून निराळी अशी तिसरी वही प्रथम व्यापाऱ्यांनीं काढली. अमेरिकेंत १८३७ सालीं मोठी मंदी आली. तींत पोळलेल्या ल्यूइस टॅपन नांवाच्या रेशीम-व्यापाऱ्यानें १८४१ सालीं न्यूयॉर्क येथें दूरदूरच्या दुकानदारांच्या पतीची बातमी जमवून विकण्याची पेढी उघडली. हिंदुस्थानांत ही कल्पना यावयास दीड शतक लागलें. रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या सिद्दिकी समितीच्या शिफारशीनंतर २००० सालीं मुंबईंत सिबिल ही कंपनी स्थापन झाली; २००४ पासून ती व्यक्तींच्या कर्जांची माहिती देऊं लागली, आणि २००५ सालीं यासंबंधीं स्वतंत्र कायदा झाला. पुढें एक्विफॅक्स, एक्सपीरियन व क्रिफ हाय मार्क या कंपन्या आल्या, आणि वह्या एकीच्या चार झाल्या.

येथें एक खुलासा अवश्य आहे. दोन आंकडे भिन्न असले म्हणजे एक खोटाच, असें नव्हे. कार्डकंपनी एका ब्यूरोचा आंकडा दाखवीत असेल आणि बँकेनें दुसरीचा मागविला असेल. प्रत्येकीचें गणित निराळें, माहितीची तारीख निराळी. ३०० पासून ९०० पर्यंतच्या त्या आंकड्याशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. नोंदी वाचल्या पाहिजेत. खरी चूक तेथें सांपडते: बंद केलेलें कार्ड चालू दाखविलेलें, वेळेवर भरलेला हप्ता थकलेला, पूर्ण फेडलेलें कर्ज तडजोडीनें मिटविल्याचा शेरा, किंवा नामसाधर्म्यामुळें भलत्याचेंच कर्ज आपल्या माथीं. हीं पानें पाहावयास मिळावींत म्हणून रिझर्व्ह बँकेनें २०१६ सालीं आज्ञा काढली, आणि २०१७ पासून प्रत्येक ब्यूरोकडून वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळूं लागला. १८७९ च्या पासबुकाचा हा वंशजच म्हणावयाचा.

मात्र दुरुस्तीच्या बाबतींत नवा कायदा जुन्याइतका धीट नाहीं. २००५ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें ऋणकोच्या अर्जावर तीस दिवसांत दुरुस्ती व्हावयाची; पण कर्ज देणाऱ्या संस्थेनें ती बरोबर असल्याचा दाखला दिल्यावांचून ब्यूरोस अक्षरहि बदलतां येत नाहीं. ज्यानें चूक लिहिली, त्यानेंच ती कबूल करावयाची! ब्यूरोनें कार्डकंपनीकडे बोट दाखवावें आणि कार्डकंपनीनें ब्यूरोकडे, या हेलपाट्याचें मूळ येथें आहे. यास्तव अर्ज दोघांसहि एकाच दिवशीं, लेखी, आणि खातें बेबाक झाल्याच्या दाखल्यासह गेलेला बरा. १ सप्टेंबर २०२२ पासून ब्यूरोंविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेण्याचीहि सोय झाली.

तीस दिवसांच्या मुदतीस खरी धार आली ती २६ ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानें, आणि तो सहा महिन्यांनीं अमलांत आला. तक्रार तीस दिवसांत मिटली नाहीं तर पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई तक्रारदारास द्यावयाची. दोष कोणाचा, याचीहि वांटणी करून ठेवलेली आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेनें एकवीस दिवसांत सुधारलेली माहिती पाठविली नाहीं, तर पैसे तिनें भरावयाचे. तिनें वेळेवर पाठवूनहि ब्यूरोनें काम अडविलें, तर ब्यूरोनें. मालाडच्या त्या गृहस्थानें अर्जाची पोंच जपून ठेवली असेल, तर एकतिसाव्या दिवसापासून त्याची रक्कम चढूं लागते.