मागून मिळणारे शहाणपण

१२. येथे लेखकाच्या मनात बायबलमधील याकोबाचे पत्र (१:५ व ३:१३) आहे : शहाणपण देवाकडे मागावे आणि ते सौम्य आचरणातून दिसावे. मराठीतले याचे उत्तम उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६). पती ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग लगेच गेल्या नाहीत. जातिभेद माणसाने निर्माण केला, हे स्वतः विचार करून पटल्यावर त्यांनी आधी सोवळेओवळे सोडले आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे अनाथ मुलांनाही त्यांनी घरात आसरा दिला. प्रस्तुत प्रकरणातील श्रद्धा हीच : समजलेले रोज जगणारी. वाचकांनी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र या प्रकरणासोबत अवश्य वाचावे. – संपादक