परक्या गावचे दुखणे

पित्ताशयातील खडा हा मोठा धूर्त शत्रू आहे. वर्षानुवर्षे तो गप्प बसून राहतो. त्याच्या वास्तव्याची वार्ताही घरधन्याला नसते. मग एखाद्या रात्री, जड जेवणानंतर, उजव्या बरगडीखाली अशी कळ उठते की ती पाठीतून खांद्यापर्यंत जाते आणि धट्टाकट्टा माणूस अंथरुणात गडबडा लोळू लागतो. हे दुखणे आपल्या गावी उद्भवले तर शेजारी धावून येतात, ओळखीचे डॉक्टर येतात, पैशाची विवंचना उद्यावर टाकता येते. तेच परमुलखात उद्भवले, की रुग्णालयाच्या दारात दोन प्रश्न उभे राहतात. एक वैद्याचा : कोठे दुखते? दुसरा कारकुनाचा : खर्च कोण देणार? पहिल्या प्रश्नाचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत सविस्तर सापडतो. दुसऱ्याचाही एक इतिहास आहे, आणि तो घर सोडून पोटामागे गेलेल्या प्रत्येक माणसाला जवळचा वाटावा असा आहे.

प्रथम शस्त्रक्रियेची हकीकत. १८६७ साली अमेरिकेत जॉन बॉब्ज या शल्यविशारदाने एका स्त्रीचे पित्ताशय उघडून त्यातील खडे काढले. पिशवी मात्र जागच्या जागी राहू दिली. पुढे १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन शहरातील लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी एका त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाचे पित्ताशयच समूळ काढून टाकले. हा रोगी सोळा वर्षे वेदना भोगत होता आणि त्या शमविण्यासाठी मॉर्फिनच्या आहारी गेला होता. लांगेनबुख यांचे म्हणणे सरळ होते : पिशवीत खडे आहेत एवढ्यासाठी ती काढावयाची नाही, ती खडे तयार करते, म्हणून काढावयाची. रोगी बरा झाला. त्या दिवसापर्यंत या दुखण्यावर काढे, औषधी झऱ्यांचे पाणी आणि सोशिकपणा हेच उपाय होते. आता खात्रीचा उपाय सापडला. पण त्याबरोबर शल्यवैद्याची फी, भुलीचे औषध, परिचारिका आणि कित्येक आठवड्यांची खाट, हा खर्चही जन्मास आला.

योगायोग असा, की त्याच बर्लिनमध्ये अवघ्या अकरा महिन्यांनी, १५ जून १८८३ रोजी, बिस्मार्क यांच्या कारकीर्दीत कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा मंजूर झाला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने आणि एक हिस्सा मालकाने द्यावयाचा, आणि आजारपणात तेरा आठवड्यांपर्यंत आधार मिळावयाचा, अशी त्याची रचना होती. बिस्मार्क यांचा हेतू सर्वस्वी परोपकाराचा होता, असे कोणी म्हणणार नाही; समाजवादी पक्षाकडे झुकणारा कामगारवर्ग त्यांना राज्याशी बांधून ठेवावयाचा होता. तथापि या कायद्याने एक तत्त्व रूढ केले : औषधोपचाराचा हक्क कामाच्या जागेशी जोडला गेला. माणूस कोणत्या गावचा, यापेक्षा तो कोठे राबतो, हे महत्त्वाचे ठरले.

परंतु दुखणे येण्यापूर्वीच थेंबे थेंबे पैसा साठवावा ही कल्पना बर्लिनमध्ये अकस्मात निघालेली नव्हती. तिचे एक जुने मूळ समुद्रावर आहे. खलाशी हा जन्मभराचा परदेशस्थ. आज या बंदरात, उद्या त्या. आजारी पडावयाचा तो बहुधा परक्या गावातच. इंग्लंडात १६९६ पासून ग्रिनिच येथील रुग्णाश्रमासाठी प्रत्येक खलाशाच्या पगारातून दरमहा सहा पेन्स कापून घेत. गंमत अशी, की व्यापारी जहाजांवरील खलाशीही हे पैसे भरीत आणि लाभ मात्र मुख्यतः आरमाराच्या लोकांना होई. १८३४ साली ही कापणी बंद होईपर्यंत हा अन्याय चालू होता. अमेरिकेने १७९८ साली असाच कायदा करून व्यापारी खलाशांच्या पगारातून महिना वीस सेंट घेण्यास आरंभ केला आणि त्या पैशातून बंदरोबंदरी खलाशांसाठी रुग्णालये उभारली. त्या देशाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा उगम याच वीस सेंटांत आहे.

लंडनमध्ये १८२१ साली एका धर्मादाय संस्थेने टेम्स नदीत नांगरलेल्या जुन्या युद्धनौकेवर खलाशांचे रुग्णालय उघडले. पुढे ‘ड्रेडनॉट’ या दुसऱ्या निवृत्त नौकेवर ते हलले आणि १८७० साली ग्रिनिचच्या किनाऱ्यावर आले. कोणत्याही राष्ट्राच्या खलाशाला तेथे खाट मिळे. आणि या रोग्यांत हिंदुस्थानातून गेलेले खलाशीही असत, ज्यांना इंग्रज ‘लस्कर’ म्हणत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान जहाजाच्या डेकवर राबत, तर गोव्याचे लोक भटारखान्यात आणि उतारूंच्या सेवेत असत. आपल्या वाडीपासून हजारो मैलांवर, अपरिचित भाषा बोलणाऱ्यांच्या हाती या माणसांनी आपले दुखणे सोपविले असेल, तेव्हा त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

या मंडळींनी स्वतःपुरती एक तजवीज मुंबईत मात्र करून ठेवली होती. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातील एकेका गावाचे ‘कूड’ असे. दोन सफरींच्या मधल्या काळात खलाशी तेथे उतरत, अल्पशी वर्गणी भरीत, आणि आजारपणात किंवा मृत्यूच्या प्रसंगी गावकरीच पाठीशी उभे राहत. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामकऱ्यांच्या ‘गावच्या खोल्या’ याच रीतीने चालत. कायद्याने जे काम करावयाचे, ते तेथे एका पत्र्याच्या पेटीने आणि शब्दाच्या पतीने केले.

हीच रीत युरोपीय लोकांचीही होती. लंडनमधील बहुतेक धर्मादाय रुग्णालयांत प्रवेशासाठी एखाद्या देणगीदाराचे शिफारसपत्र लागे. परक्या देशाहून आलेल्या गरिबाला ते कोण देणार? म्हणून १८४५ साली डॉल्स्टन भागात जर्मन भाषकांनी आपले रुग्णालय उघडले आणि १८८४ साली इटालियन लोकांनी आपले. तेथे औषध तर मिळेच. शिवाय ‘कोठे दुखते’ या प्रश्नाचे उत्तर मातृभाषेत देता येई, आणि रोग्याच्या दृष्टीने हे औषधाइतकेच मोलाचे असते. परंतु राष्ट्राच्या नावावर उभारलेल्या आश्रयाला राष्ट्रांच्या वैराची झळही लागते. १९४० साली महायुद्ध ऐन भरात असताना त्या जर्मन रुग्णालयातील जर्मन सेवकवर्गाला इंग्रज सरकारने अटक करून स्थानबद्ध केले. ज्या शहराच्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली, त्याच शहराला ते एका रात्रीत परके झाले.

दान आटते, बिरादरी विखुरते, हे ओळखून खलाशांच्या बाबतीत अखेर जबाबदारी जहाजमालकांवर घालण्यात आली. १९३६ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या कराराने असे ठरविले, की नोकरीच्या मुदतीत आजारी पडलेल्या खलाशाच्या औषधोपचाराचा भार जहाजमालकाने सोसावा, आणि त्याची मर्यादा घालावयाची झाल्यास ती सोळा आठवड्यांहून कमी असू नये. २००६ च्या सागरी कामगार करारातही हाच दंडक कायम राहिला. भारताने तो करार २०१५ साली स्वीकारला.

मालकाचे हात धरता येत नाहीत अशांचे काय? या प्रश्नाला सर्वांत उदार उत्तर ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनने दिले. त्या दिवशी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि उपचाराच्या वेळी पैसे मागणे थांबले. पाहुण्या परदेशीयांनाही हा लाभ मिळू लागल्यावर ओरड झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी तिला दिलेले उत्तर आजही मननीय आहे. परका कोण हे ओळखावयाचे, तर आपणही परके नाही हे प्रत्येक देशवासीयाला सिद्ध करावे लागेल. शिवाय पाहुणाही बाजारात खरेदी करतो आणि अप्रत्यक्ष कर भरतोच, असा त्यांचा युक्तिवाद होता. संसदेने १९४९ साली परदेशीयांकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला खरा, परंतु तो अधिकार तेहतीस वर्षे दप्तरातच पडून राहिला.

त्याच काळात एका बड्या इंग्रज गृहस्थाला मात्र उलट दिशेने प्रवास करावा लागला. परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्या पित्ताशयावर एप्रिल १९५३ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. तीत पित्तनलिकेला इजा पोहोचली. त्याच महिन्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. आणि अखेर जूनमध्ये बोस्टन येथे डॉक्टर रिचर्ड कॅटेल यांनी तिसऱ्यांदा शस्त्रक्रिया केली, तेव्हा ते वाचले. ईडन यांना परदेशीची वाट मोकळी झाली. सामान्य इंग्रजाला ती तितकी सोपी नव्हती, कारण १९३९ ते १९७९ ब्रिटनमध्ये परकीय चलनावर निर्बंध होते. घरी पैसा असूनही तो सीमेपलीकडे मनास येईल तसा नेता येत नसे. हा अनुभव भारतीय कुटुंबांनाही नवा नाही. परदेशी आजारी पडलेल्या मुलासाठी वडिलांनी शेत विकले, तरी त्या रुपयांचे डॉलर होण्यास दीर्घकाळ सरकारी परवानगीची अट होती. १९९९ च्या विदेशी चलन व्यवस्थापन कायद्यानंतर हा मार्ग पुष्कळ सैल झाला.

ब्रिटनच्या औदार्याला १ ऑक्टोबर १९८२ रोजी कुंपण पडले. त्या दिवसापासून, देशात सामान्यतः वास्तव्य नसलेल्यांकडून रुग्णालयाचा खर्च घेण्याचे नियम लागू झाले. एप्रिल २०१५ पासून सहा महिन्यांहून अधिक काळ राहण्यास येणाऱ्या बहुतेक परदेशीयांवर आरोग्य अधिभार बसला. प्रारंभी तो वर्षाला दोनशे पौंड होता. २०१९ मध्ये चारशे, २०२० मध्ये सहाशे चोवीस आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रौढांसाठी एक हजार पस्तीस पौंड झाला. व्हिसाच्या सर्व वर्षांची रक्कम आगाऊच भरावी लागते. यातील विसंगती २०२० च्या महामारीत सर्वांच्या डोळ्यांत भरली. ज्या भारतीय आणि इतर परदेशी परिचारिका जिवावर उदार होऊन इंग्रज रोग्यांची सेवा करीत होत्या, त्यांनाच त्या सेवेच्या उपयोगासाठी अधिभार द्यावा लागत होता. लोकमताच्या दडपणाखाली त्या वर्षी मे महिन्यात सरकारने आरोग्यसेवकांना तो माफ केला.

आता आपल्या घराकडे पाहावे. जर्मन रुग्णालय उघडले त्याच १८४५ साली मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय सुरू झाले. देणगी पारशी गृहस्थाची. दार मात्र सर्व जातिधर्मांच्या गोरगरिबांना खुले. याच जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉक्टर तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. जर्मनीत एरिख म्यूह यांनी ती १९८५ मध्ये केली होती. पोट फाडण्याऐवजी चार लहान छिद्रांनी काम भागू लागले आणि आठवड्यांची खाट एकदोन दिवसांवर आली. खाटेचा खर्च घटला, उपकरणांचा वाढला, कारकुनाचा प्रश्न मात्र जागेवरच राहिला.

त्या प्रश्नाला अलीकडे काही उत्तरे मिळाली आहेत. परदेशी संकटात सापडलेल्या भारतीयांना तातडीचा औषधोपचार देता यावा म्हणून २००९ साली भारतीय वकिलातींत कल्याणनिधी स्थापन झाला. वकिलातीच्या सेवांवरील अल्प आकारातून तो भरतो. देशांतर्गत २३ सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन संरक्षण मिळते, आणि योजनेत सामील झालेल्या राज्यांत ते आपल्या राज्याबाहेरही वापरता येते. कानपुरात मजुरी करणाऱ्या बिहारी माणसाला अथवा सुरतेत मागावर बसणाऱ्या मराठी माणसाला याचे मोल वेगळे सांगावयास नको.

सहा पेन्स, वीस सेंट, कुडाची वर्गणी आणि वकिलातीचा आकार, ही सर्व एकाच माळेतील मणी आहेत. या तीन शतकांहून अधिक काळाचा अनुभव एवढेच सांगतो, की परमुलखातील आजाराचे मोल जेथे आधी, थोडेथोडे आणि पुष्कळांनी मिळून भरले, तेथे रोग्याची मान ताठ राहिली. जेथे तो हिशेब खाटेशेजारी मांडला गेला, तेथे त्याला दान तरी मागावे लागले किंवा कर्ज तरी काढावे लागले. म्हणून घरातील मुलगा वा मुलगी दूरदेशी निघाली, की शिदोरीच्या डब्याबरोबर विम्याचा कागदही बांधून द्यावा, आणि तो कोणत्या दुखण्याला लागू पडतो व कोणत्या दुखण्याला पडत नाही, हे दिव्याखाली बसून नीट वाचून पाहावे. खड्याची कळ कोणत्या रात्री उठेल हे कोणालाच सांगता येत नाही. पण त्या रात्री कारकुनाला द्यावयाचे उत्तर मात्र निघण्यापूर्वीच तयार ठेवता येते.