इच्छापरिमाण

जैन श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे. परिग्रहपरिमाण हे याचेच दुसरे नाव. साधू सर्वस्व सोडतो. गृहस्थाला ते शक्य नाही, म्हणून त्याने आपल्या मालमत्तेची मर्यादा स्वतःच ठरवावी आणि तिच्या पलीकडची इच्छा सोडावी, अशी ही योजना आहे. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त दोन्ही नावे आढळतात.

व्रताचे उत्तम उदाहरण ‘उपासकदशा’ या सातव्या अंगग्रंथात आहे. वाणिज्यग्रामचा धनाढ्य आनंद महावीरांपुढे व्रत घेतो, ते आकडे मांडूनच: सोन्याची नाणी 12 कोटी (तिजोरीत, व्यापारात आणि घरखर्चात प्रत्येकी 4 कोटी), गुरे 40,000, नांगर 500. आकडे अर्थातच कथेतले. मर्यादा त्याच्या वैभवाएवढीच मोठी आहे, हे वाचकाला खटकेल. पण व्रताचा खरा गाभा तिथेच आहे: आधी हाव थांबते, साठा कमी करणे ही पुढची पायरी.

उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, तिच्यावरची आसक्ती. तरीही शेत-घर, सोने-चांदी, पशू-धान्य, दास-दासी आणि घरगुती सामान यांची ठरवलेली मर्यादा ओलांडणे हे अतिचार, म्हणजे व्रतातले दोष, म्हणून त्यात स्वतंत्रपणे सांगितले आहेत. नुसत्या मनोनिग्रहावर न विसंबता मोजता येणारी हद्द आखणे, हे या व्रताचे मोठे शहाणपण.

आचार्य तुलसींनी 1949 मध्ये राजस्थानातून सुरू केलेल्या अणुव्रत आंदोलनाने ही छोटी व्रते जैनेतरांसाठीही खुली केली.